दुरुस्त केलेली झडप किती वर्षं टिकते?

पुण्याजवळच्या मारुंजीच्या गावठाणात असो की हिंजवडीलगतच्या नव्या सोसायट्यांत, घरातल्या कुणाला मायट्रल झडपेचं ऑपरेशन सांगितलं की एक सल्ला ठरलेला असतो: "झडप दुरुस्त करणं म्हणजे टायरचं पंक्चर काढणं. दहा वर्षांत पुन्हा छाती उघडावी लागणार. त्यापेक्षा नवीच बसवून घ्या." सल्ला आपुलकीचा असतो, पण चुकीचा असतो. ऐकून ऐकून आता संताप येतो, कारण त्याची किंमत सल्ला देणारा नव्हे, रुग्ण मोजतो.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली ही झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त फुप्फुसांकडे उलटं येतं. दुरुस्तीत सर्जन सैल पाकळीचा जादा भाग काढतो, तुटलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम दोरे घालतो आणि पसरलेल्या घेराला आधाराचं कडं शिवतो. यातलं पाकळी कापण्याचं आणि कडं शिवण्याचं तंत्र पॅरिसच्या आलाँ कार्पांतिए यांनी रुळवलं. १९७० ते १९८४ या काळात त्यांच्या पद्धतीनं दुरुस्ती झालेल्या १६२ रुग्णांचा पाठपुरावा २००१ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आला. या रुग्णांचं वीस वर्षं जगण्याचं प्रमाण त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांइतकंच निघालं. टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांनी २०१९ साली १,२३४ रुग्णांचा हिशेब मांडला. वीस वर्षांत दुसरं ऑपरेशन लागलं शेकडा ४.६ जणांना. मध्यम किंवा तीव्र गळती परतली ती शेकडा १२.५ जणांत. कुठे आहे ती दहा वर्षांची मुदत?

आणि 'नवी' झडप तरी निर्धोक असते का? धातू-कार्बनची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आयएनआर सतत तपासावा लागतो. गाय-डुकराच्या ऊतींपासून केलेली झडप झिजते, तरुणांत तर लवकर.

मात्र हे आकडे प्रत्येकाला लागू नाहीत, आणि हे न सांगणं रुग्णाशी अप्रामाणिकपणा ठरेल. वरचे बहुतेक रुग्ण झडपेच्या ऊती सैल पडल्यामुळे आजारी झालेले होते. आपल्याकडे लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापानं झडप खराब झालेले रुग्ण अजूनही पुष्कळ दिसतात. त्यांच्यात आजार झडपेला आतून खात राहतो. कार्पांतिए यांच्याच गटानं अशा ९५१ रुग्णांचा अभ्यास केला: दहा वर्षांनी ८२ टक्के आणि वीस वर्षांनी ५५ टक्के रुग्ण पुनर्शस्त्रक्रियेविना होते. हे यश कमी आहे, पण त्या रुग्णांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास होतं. त्या वयात गोळीविना मिळालेली वर्षं मोलाची असतात. हार्ट अटॅकनंतर हृदय फुगून झडप गळू लागली, तर मात्र दुरुस्ती खरोखरच कच्ची ठरते. अमेरिका-कॅनडातल्या २५१ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांतच दुरुस्ती झालेल्यांपैकी ५८.८ टक्क्यांत गळती परतली. झडप बदललेल्यांत ३.८ टक्के. तरीही मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे प्रश्न 'दुरुस्ती की नवी' एवढाच नसतो. झडप कशानं बिघडली, हे आधी कळायला हवं.

आता बाकीचे गैरसमज. 'ऑपरेशन झालं, आता पेनिसिलिनची इंजेक्शनं बंद': नाही. ताप परतू नये म्हणून ऱ्हुमॅटिक रुग्णानं ती डॉक्टर सांगतील तितकी वर्षं, प्रसंगी जन्मभर, घ्यायचीच. 'दुरुस्ती झाली की रक्त पातळ करणारी गोळी नकोच': बहुतेकांना पहिले काही महिने लागू शकते, आणि हृदयाचे ठोके अनियमित असतील तर पुढेही. 'दात काढायला काय विचारायचं?': झडपेला कडं बसवलेलं असेल तर दंतवैद्याला आधी सांगा, अँटिबायोटिक लागतं. 'दम लागेपर्यंत थांबू': हा सर्वांत महागात पडणारा. गळती तीव्र असताना इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ६० टक्के किंवा त्याखाली आलं किंवा डावीकडचा खालचा कप्पा आकुंचनानंतरही ४० मिलिमीटर वा जास्त राहिला, तर त्रास नसतानाही शस्त्रक्रिया सुचवली जाते. उशिरा केलेली उत्तम दुरुस्तीही थकलेल्या स्नायूला पूर्वीची ताकद देत नाही.

इको तपासणी हिंजवडी-वाकडला होते. दुरुस्तीनंतर ती डॉक्टर सांगतील त्या अंतरानं चुकवू नका. आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी सर्जनला स्पष्ट विचारा: माझी झडप कशानं बिघडली, ती दुरुस्त होईल का, आणि अशा दुरुस्त्या तुम्ही वर्षाला किती करता? दुरुस्तीचा निकाल सर्जनच्या सरावावर बराच अवलंबून असतो, त्यामुळे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.