चार जणांचा माहितीपट

पूर्वी चित्रपटगृहात मुख्य चित्रपट सुरू होण्याआधी एक लहानसा पट दाखवला जात असे. धरणाचे बांधकाम, दूरच्या प्रांतातील लोकनृत्य, एखाद्या साथीच्या रोगाविषयीची सूचना असे त्याचे विषय असत. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजन या संस्थेने १९४८ पासून असे हजारो पट तयार केले. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. कित्येक प्रेक्षक हा लहान पट संपेपर्यंत बाहेर शेंगदाणे खात उभे राहत, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जे आत बसत, त्यांनी आपला देश प्रथम पाहिला तो याच पटांतून.

मराठीत या प्रकाराला आधी अनुबोधपट म्हणत. आता माहितीपट हा शब्द रूढ झाला आहे. मला दोन्ही शब्द थोडे अपुरे वाटतात. पहिल्यात उपदेशाचा सूर आहे, तर दुसऱ्यात केवळ आकडे आणि तपशील यांची अपेक्षा आहे. इंग्रजीतील ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द १९२६ मध्ये जॉन ग्रिअर्सन यांनी ‘मोआना’ या चित्रपटाचे परीक्षण लिहिताना वापरला आणि पुढे तो जगभर पसरला. त्याच्या मुळाशी दस्तऐवज ही कल्पना आहे. दस्तऐवज म्हटला की त्याखाली कोणाची तरी सही आली आणि सहीबरोबर जबाबदारीही आली. माहितीपट करणाऱ्याने कॅमेरा हाती घेण्यापूर्वी ही गोष्ट मनाशी धरावी.

चित्रपट म्हटला की शंभर माणसांचा ताफा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. माहितीपटाला त्याची गरज नसते. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सर्वांचे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रीकरण केले. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तेव्हाचा त्यांचा सत्कारही सावेदादांनी टिपला. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घालण्यापूर्वी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रीकरण करून त्या रोपाच्या वाढीचा एक छोटा पट तयार केला. पडद्यावर ते रोप क्षणार्धात वाढताना दिसले. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेने छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. नवरा, बायको आणि एक वाटाण्याचे रोप एवढ्यावर ते काम उभे राहिले होते.

काही वर्षांपूर्वी पुण्यातील चार विद्यार्थ्यांनी एक माहितीपट केला. चौघेही नोकरीधंदा सांभाळून शिकणारे होते. एक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करी, एक रात्रपाळीला जाई, एक नुकताच बारावी झालेला होता आणि चौथ्या चाळिशी ओलांडलेल्या गृहिणी होत्या. निवेदनाचे मराठी तपासून द्यावे, एवढ्यापुरती मला त्यांनी बोलावले होते. प्रत्यक्षात मी जवळजवळ सर्व दिवस त्यांच्याबरोबर होते. पुढे जे सांगते आहे ते बहुतेक त्या चौघांकडून शिकलेले आहे.

त्यांचा पहिला विषय होता ‘पुण्यातील पारंपरिक व्यवसाय’. विषय चांगला, पण त्यावर ग्रंथ लिहावा, अठरा मिनिटांचा पट करू नये. दोन बैठका वादात गेल्यावर विषय आक्रसत कसबा पेठेतील तांबट आळीपर्यंत आला. पेशवेकाळापासून पुण्यात तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. घंगाळे, हंडे, कळश्या आणि पाणी तापवायचे बंब येथे हातांनी घडत आले. तरीही ‘तांबट आळी’ हासुद्धा फार मोठा विषय होता. शेवटी ठरले ते असे : एक कारखाना, एक कारागीर आणि एक बंब. सपाट पत्र्यापासून बंब पूर्ण होईपर्यंतची हकिकत सांगायची आणि तिच्या आधाराने जेवढी आळी दिसेल तेवढी दाखवायची. विषय लहान केला की पट लहान होतो, अशी नवशिक्यांना भीती असते. अनुभव नेमका उलटा येतो.

पहिले तीन दिवस ते कॅमेरा न घेता गेले. ही सूचना त्या गृहिणीबाईंची होती. नव्या घरी पहिल्यांदा जाताना कोणी भांडीकुंडी मोजायला जात नाही, असे त्या म्हणाल्या. या तीन दिवसांत चौघांनी बसून काम पाहिले, चहा घेतला, खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि ऊन किती वाजता आत येते याची नोंद केली. कारागीर काका साठीच्या पुढचे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितले की भांडे किती ठोकून झाले, हे त्यांना डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळते. पत्रा मऊ असतो तेव्हा आवाज बसका येतो. मठारत गेले, म्हणजे हातोडीचे लहान लहान ठोके शेजारीशेजारी देत गेले, की धातू घट्ट होतो आणि आवाज चढतो. ठोक्यांनी तांबे कठीण होते, ही शास्त्रातली गोष्ट आहे. फार कठीण झाले तर ते तडकू नये म्हणून मध्येच तापवून पुन्हा मऊ करावे लागते. काकांच्या त्या एका वाक्याने माहितीपटाचा कणा मिळाला. पट आवाजाचा करायचा ठरला.

मग कामे वाटली गेली. एकाने दिग्दर्शन करायचे, म्हणजे कोणते दृश्य का घ्यायचे ते ठरवायचे आणि प्रश्न विचारायचे. एकाने कॅमेरा सांभाळायचा. एकाने ध्वनी. चौथ्या व्यक्तीकडे परवानगी, खर्च, चहापाणी आणि प्रत्येक दृश्याची वहीत नोंद. लहान पथकात एकाच माणसाने दोन कामे करणे अटळ असते. दिग्दर्शक कॅमेरा चालवू शकतो. नोंदी ठेवणारा संकलनही करू शकतो. परंतु ध्वनी पाहणाऱ्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याची किंमत आम्ही मोजली.

झाले असे. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी रात्रपाळीवाल्या विद्यार्थ्याला यायला उशीर झाला. ध्वनीचे काम कॅमेऱ्यावरच्या मुलाने अंगावर घेतले. काकांच्या सदऱ्याला लहान मायक्रोफोन लावला, तार कॅमेऱ्याला जोडली आणि मुलाखत सुरू झाली. काका तासभर मनापासून बोलले. वडिलांच्या हाताखाली पहिली कळशी कशी बिघडवली, ते सांगताना ते हसले आणि मग बराच वेळ गप्प राहिले. संध्याकाळी ध्वनी ऐकला तेव्हा कळले की तार पुरती आत बसलेलीच नव्हती. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मायक्रोफोनने शेजारच्या कारखान्यातले ठोके तेवढे टिपले होते. काकांचे ओठ हलत होते आणि शब्द एकही नव्हता. कानांना हेडफोन लावून कोणी ऐकले असते, तर पहिल्याच मिनिटाला चूक ध्यानात आली असती.

दुसऱ्या दिवशी चौघे पुन्हा गेले, क्षमा मागितली आणि तेच प्रश्न विचारले. काकांनी तीच उत्तरे दिली. पण एकदा मनापासून सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना पाठ केल्यासारखी होते. कळशीची गोष्ट आली, हसू आले नाही. ती जागा पटात आजही थोडी कोरडी आहे.

ध्वनीची आणखी एक अडचण होती. ठोक्यांच्या गजरात मुलाखत घेणार कशी? आळीतले काम थांबवा म्हणणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. उपाय साधा निघाला. मुलाखती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घ्यायच्या आणि ठोके स्वतंत्र टिपायचे : जवळून, दाराबाहेरून, गल्लीच्या टोकावरून. त्याशिवाय कारखान्यात कोणी बोलत नसताना अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करायची. ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. परंतु प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. संकलनात दोन वाक्ये जोडताना मधली फट त्याच जागेच्या शांततेने भरावी लागते, नाहीतर सांधा कानाला खटकतो. आळीत एका दुकानात रेडिओ सतत चालू असे. चित्रपटगीत मुद्रणात आले तर पुढे हक्काचा प्रश्न उद्भवतो, म्हणून तेवढ्या वेळापुरता तो बंद ठेवण्याची विनंती करावी लागली.

प्रकाशासाठी वेगळे दिवे आणले नव्हते. खिडकी डाव्या हाताला आणि कॅमेरा तिच्याकडे पाठ करून, थोडा तिरका. छताला ट्यूबलाइट होती. आपल्याकडच्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्याने कॅमेऱ्याचे शटर पन्नासांश किंवा शतांश सेकंदावर ठेवले नाही तर चित्र लुकलुकते. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाला हे आधीपासून ठाऊक होते. कॅमेरा उसना आणलेला, तिपाई जुनी. तरी चित्र स्थिर आले, कारण घाई केली नव्हती.

चित्रीकरणात नवशिक्यांचे सर्वांत अधिक विस्मरण होते ते लहान दृश्यांचे. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा सलग दहा मिनिटे कोणी पाहत नाही. हातोडीवरची बोटे, घासून गुळगुळीत झालेली लाकडी मूठ, जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर फिरणारे भांडे, भिंतीवर टांगलेले वडिलांचे छायाचित्र अशी दृश्ये सुटी सुटी घेऊन ठेवावी लागतात. बोलण्यातला मधला भाग गाळला की सांध्यावर यांपैकी एखादे दृश्य ठेवता येते. मात्र यातच अप्रामाणिकपणाचीही वाट आहे. माणूस जे बोलला नाही, ते दोन तुकडे जोडून त्याच्या तोंडी घालता येते. प्रेक्षकाला ते कधीही कळत नाही. ज्याचे शब्द असतात त्याला मात्र लगेच कळते.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यावरून चौघांत चांगलेच भांडण झाले. दुसऱ्या आठवड्यात काका मजुरीविषयी बोलले. व्यापारी वजनावर काय देतो, त्यात दिवस कसा पडतो, मुलांनी हा धंदा का धरला नाही, हे त्यांनी काही न लपवता सांगितले. आवाज स्वच्छ आला होता. प्रकाशही उत्तम होता. दिग्दर्शक म्हणाला, आपला पट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारातच उभे होते. ते त्या बाईंना म्हणाले, ताई, कालचे ते व्यापाऱ्याचे तेवढे काढून टाका. मला उद्याही त्यालाच माल द्यायचा आहे.

काकांनी संमतिपत्रावर सही केलेली होती. कायद्याने ते बोलणे ठेवता आले असते. दिग्दर्शकाचे म्हणणे असे की कारागिराची स्थिती लोकांपुढे यावी म्हणूनच आपण हे करतो आहोत. तेच गाळले तर उरते काय? हा युक्तिवाद पोकळ नव्हता. मला स्वतःलाही क्षणभर तो पटला. बाईंनी विचारले, पट दाखवून झाल्यावर आपण घरी जाणार. काका कुठे जाणार? संध्याकाळपर्यंत वाद चालला. शेवटी व्यापाऱ्यासंबंधीची पावणेदोन मिनिटे काढली गेली. मुलांनी धंदा धरला नाही, एवढे काकांच्या परवानगीने राहिले. त्यामुळे पट त्या ठिकाणी दुबळा झाला आणि पाहणाऱ्या एका जाणकाराने तसे बोलूनही दाखवले. चौघांनी ते ऐकून घेतले. कारण काय ते सांगितले नाही, कारण ते सांगणे म्हणजे गाळलेले पुन्हा बोलणेच झाले असते.

एकूण सुमारे सहा तासांचे चित्रीकरण झाले होते. रोज रात्री ते दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवण्याची शिस्त बाईंनी घालून दिली होती. मग वहीतल्या नोंदींवरून आधी कागदावरच क्रम लावला : कोणत्या वाक्यानंतर कोणते दृश्य, कोठे नुसते ठोके. संगणकापुढे बसण्यापूर्वी कागदावर पट उभा राहिला तर निम्मा वेळ वाचतो. माझ्या निवेदनाची गत मात्र या टप्प्यावर झाली. मी तीन पाने लिहून दिली होती. तांब्याचा झळाळ, परंपरेचा प्रवाह वगैरे सर्व त्यात होते. पहिल्या जोडणीत ते ऐकताना माझी मलाच लाज वाटली. चित्र जे दाखवत होते तेच मी अलंकार घालून पुन्हा सांगत होते. अखेर सात वाक्ये उरली. आळी कोठे आहे, बंब कशाला लागत असे, पत्रा कोठून येतो, एवढेच. बाकीचे काम ठोक्यांनी केले. पट सुरू होतो तो बसक्या आवाजाने आणि जसजसा बंब आकार घेतो तसतसा तो आवाज चढत जातो.

पहिला प्रयोग आळीजवळच्या एका लहान सभागृहात झाला. काका पत्नीला घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. तो व्यापारीही आला होता, दोन रांगा मागे. आयुष्यभर ठोक्यांत काढलेल्या काकांना ऐकू कमी येई. पट सुरू होऊन मिनिटभर झाला असेल, तेवढ्यात त्यांनी मागे वळून हात उंचावला आणि म्हणाले, पोरांनो, आवाज जरा मोठा करा. बारावीवाल्या मुलाने आवाज वाढवला. आता ठोके रस्त्यावर ऐकू जाऊ लागले आणि दारात आणखी चार-सहा माणसे येऊन उभी राहिली.