बतुकम्माचा फोटो पाहून बालवाडी ठरवू नका

हैदराबादेत कोंडापूर, गच्चीबौली, मणिकोंडा या भागांत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं, मूल तीन वर्षांचं व्हायला आलं की बालवाडीच्या शोधात निघतात. कोणी पुण्या-नागपूरचं असतं, कोणी नांदेड-लातूरचं. अनेक फलकांवर ‘बहुसांस्कृतिक वातावरण’ असं लिहिलेलं दिसतं. एकेका वर्गात तेलुगू, दख्खनी, हिंदी, मराठी, बंगाली, मल्याळम बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात, हे खरंच आहे. पण ही या शहराची देणगी आहे, त्यात शाळेचं कर्तृत्व काही नाही. ही मुलं एकत्र आल्यावर शाळा त्यांच्याशी कशी वागते, यावर तिचा दर्जा ठरतो. तो पारखताना पालक ज्या समजुतींवर विसंबतात, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

‘सगळ्यांचे सण साजरे होतात, म्हणजे शाळा सगळ्यांची आहे’

बोनालू, बतुकम्मा, ईद, गणपती, नाताळ. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतात आणि आईबाप हरखतात. अमेरिकेतल्या बालशिक्षणतज्ज्ञ लुईज डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ सालच्या आपल्या पुस्तकात अशा अभ्यासक्रमाला पर्यटकी म्हटलं होतं. एक दिवस दुसऱ्याच्या संस्कृतीत जायचं, पोशाख पाहायचा, पदार्थ चाखायचा आणि परत यायचं. बाकीचं वर्ष वर्गातली चित्रं, गोष्टी, खेळणी सगळी एकाच प्रकारच्या घरातली. मुलाच्या मनात मग पक्कं बसतं की आपण नेहमीचे आणि ते लोक सणापुरते.

सण करूच नयेत असं अजिबात नाही. तेलंगणातली फुलांची बतुकम्मा भाद्रपद अमावास्येला सुरू होते. तिच्यासाठी लागणारी पिवळी तंगेडू म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या माळावर फुलणारा तरवड. फुलं रचायची, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, हे सारं साधारण त्याच दिवसांत भोंडला खेळणाऱ्या मराठी आजीला मुळीच परकं नाही. शिक्षिकेनं मुलांना फुलं रंगांप्रमाणे वेगळी करायला दिली, थर रचताना मोजायला लावलं, एका आजीला बोलावून बतुकम्माचा फेर धरला आणि दुसरीला बोलावून भोंडल्याचा, तर त्या एका सणात गणित आलं, भाषा आली, एकमेकांची ओळख आली. पोरींना परकर-पोलकं घालून ओळीत उभं केलं आणि फोटो काढला, तर त्यातलं काहीच आलं नाही.

म्हणून शाळा सणाच्या दिवशी पाहू नका, एखाद्या साध्या मंगळवारी पाहा. तेलुगू, उर्दू, मराठी चित्रपुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशी ठेवली आहेत का? मुलाचं नाव शिक्षिका नीट उच्चारते, की सोयीसाठी तिनं ते तोडून छोटं केलं आहे? डबे उघडतात तेव्हा तर नक्की थांबा. एकाच्या डब्यात ज्वारीची भाकरी, दुसऱ्याच्या अंडं, तिसऱ्याच्या कबाब. कोणी नाक मुरडलं तर शिक्षिका काय करते? मला विचाराल तर सगळ्या तपासणीतला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. ‘असं बोलू नये’ म्हणून विषय मिटवणारी शिक्षिका वेगळी आणि ‘तुझ्या घरी कशाची भाकरी करतात?’ असं विचारत गप्पांना सुरुवात करणारी वेगळी. हा फरक तीन वर्षांच्या मुलालाही कळतो.

‘घरात मराठी, खाली खेळायला तेलुगू, शाळेत इंग्रजी, मूल गोंधळेल आणि उशिरा बोलेल’

या एका समजुतीनं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. काही शाळा तर प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगतात, घरीही इंग्रजीच बोला. तसं सांगणारी शाळा दर्जेदार असूच शकत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे मूल उशिरा बोलू लागतं, याला शास्त्रीय आधार नाही. ‘आई, मला वॉटर दे’ असं मूल म्हणतं तेव्हा ते गोंधळलेलं नसतं. त्याला जो शब्द चटकन सापडला तो त्यानं वापरलेला असतो, आणि हैदराबादेतली मोठी माणसंही दिवसभर तेच करतात. अशा मुलाचे फक्त इंग्रजी शब्द मोजले तर ते मागे वाटतं. सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर चित्र वेगळंच निघतं. दोन वर्षांचं मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर मात्र वाट न पाहता आधी कान तपासून घ्यावेत आणि वाचातज्ज्ञांना भेटावं. तेव्हा ‘घरात तीन भाषा आहेत ना, म्हणून’ असं म्हणून थांबणं हे खरं धोक्याचं.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. नव्या भाषेच्या वर्गात आलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिनेही, जवळजवळ गप्प राहतं. या काळात ते ऐकत असतं, आणि त्याची समज बोलण्याच्या पुढे गेलेली असते. चांगली शिक्षिका त्याला बोलण्याची सक्ती करत नाही. हातवारे, चित्रं, गाणी यांतून त्याला सामील करून घेते आणि त्याच्या घरच्या भाषेतले चार शब्द स्वतः शिकते. पाणी, शू, दुखतंय, आई कधी येईल, एवढे शब्द कळणारं एक तरी माणूस वर्गात हवं. याउलट ‘मूल बोलत नाही’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं आणि घरी ते किती बोलतं हे विचारायचंच नाही, ही निकृष्ट शाळेची खूण.

या विषयातलं जगभर गाजलेलं एक संशोधन याच शहरातलं आहे. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसू लागला होता, आणि शाळेत कधीच न गेलेल्यांतही हा फरक होता. हा अभ्यास वृद्धांचा आहे. त्याच्या आधारावर ‘आमच्याकडे तीन भाषा शिकवतो, मूल हुशार होईल’ अशी जाहिरात कोणी केली तर ती मानू नका. दोनपेक्षा जास्त भाषांचा आणखी फायदा याच अभ्यासात दिसला नव्हता. पण भाषा वाढल्या की डोकं थकतं, ही भीती सोडायला तो पुरेसा आहे.

घरच्या भाषेचा प्रश्न हैदराबादेतल्या मराठी माणसांना नवा नाही. निजामाच्या राजवटीत, जिथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, तिथे १९०७ साली मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी शाळा काढली. आज बहुतेक मराठी पालकांना मराठी माध्यम नको असतं किंवा ते जवळपास मिळत नाही. हरकत नाही. पण इंग्रजी बालवाडी निवडली म्हणून मराठी घरातून हद्दपार करायचं कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. आणि तेलुगूला पाठ फिरवणंही शहाणपणाचं नाही. तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं पहिलीपासून तेलुगू शिकणं बंधनकारक केलं आहे. तीन-चार वर्षांच्या वयात गाण्यांतून, खेळांतून कानावर पडलेली तेलुगू पुढे ओझं वाटत नाही.

‘चार वर्षांचं मूल लिहू-वाचू लागलं, म्हणजे शाळा उत्तम’

असर सेंटर आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातलं बालशिक्षण केंद्र यांनी आसाम, राजस्थान आणि आताच्या तेलंगणातल्या ग्रामीण भागात चार वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलांचा ती आठ वर्षांची होईपर्यंत मागोवा घेतला. २०१७ मध्ये त्याचा अहवाल आला. पाच वर्षांची मुलं बालवाडीत जाऊनही पहिलीसाठी पुरेशी तयार नव्हती. खासगी बालवाड्या म्हणजे पहिलीचाच वर्ग खाली ओढून आणलेला, फळ्यावरून उतरवणं आणि घोकणं, असं त्यात दिसलं. जिथे खेळ, गप्पा, गोष्टी, वर्गीकरण, जोड्या लावणं होतं, तिथली मुलं अधिक तयार होती. तेव्हा वहीतली एबीसीडीची पानं पाहून भुलू नका. मुलाची बोटं मातीत, मण्यांत, कात्रीत किती रमतात ते पाहा. अक्षरं पुढे येतातच.

‘मोंटेसरी’ किंवा ‘इंटरनॅशनल’ या नावाबद्दल थोडंच सांगते. मोंटेसरी हे नाव कोणाच्याही मालकीचं नाही, कोणीही फलकावर लिहू शकतं. मारिया मोंटेसरी स्वतः १९३९ ते १९४६ या काळात भारतात होत्या आणि त्यांनी इथे शिक्षक घडवले, पण तुमच्या गल्लीतल्या शाळेचा त्या परंपरेशी संबंध आहे की नाही, हे शिक्षिकेनं प्रशिक्षण कुठे घेतलं यावरूनच कळेल. तेच विचारा. शिवाय ती इथे किती वर्षं आहे, हेही. दर वर्षी शिक्षिका बदलणारी शाळा कितीही चकचकीत असो, लहान मुलासाठी चांगली नाही.

‘दर्जा मोजता येत नाही, शेवटी मनाला काय वाटतं ते’

मोजता येतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये बालवर्गाचं वातावरण तपासण्याची श्रेणी तयार केली. ‘एकर्स’ नावानं ती आजही जगभर वापरली जाते. तपासणारा माणूस वर्गात सुमारे तीन तास बसून प्रत्येक बाबीला एक ते सात गुण देतो. त्यात हात धुणं, शौचालय, खेळाची जागा, शिक्षिकेचं बोलणं आहेच, आणि पुस्तकं, चित्रं, बाहुल्या यांतून वेगवेगळ्या प्रकारची माणसं मुलांना भेटतात का, अशीही स्वतंत्र बाब आहे. म्हणजे ज्याला आपण बहुसांस्कृतिक म्हणतो, तेही डोळ्यांनी पाहून तपासता येतं.

आपल्याकडच्या निकषांत तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी, असं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरचा वर्ग आणि ३० चौरस मीटर मोकळी जागा असावी, असं केंद्राच्या बालशिक्षणाच्या गुणवत्ता मानकांत आहे. मुलं मोजायला एक मिनिट लागतं, ते अवश्य मोजा. भिंतीवरचा मोठा पडदा ही मात्र जमेची बाजू धरू नका. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात बसून एक तासापेक्षा जास्त पडदा पाहू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. शाळेनंच त्यातला अर्धा तास घेतला तर घरी काय उरलं?

कॅमेऱ्यांचंही तसंच. सुरक्षिततेसाठी ते असावेत. पण मूल रडलं तेव्हा शिक्षिका खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आली का, हे कॅमेरा असल्यानं घडत नाही. ‘हा रंग कोणता?’ एवढंच ती विचारते, की ‘हे असं का झालं असेल?’ असंही विचारते, हे वर्गात बसूनच कळतं. मुलांना त्रास न देता कोपऱ्यात तासभर बसू द्या, अशी विनंती करा. शाळा नाही म्हणाली तर कारण विचारा.

‘हे सगळं मोठी फी भरणाऱ्यांनाच मिळतं’

ही समजूत सर्वांत आधी मराठी माणसानं सोडायला हवी. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डी या गावी आल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तिथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागडी साधनं नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, दगड वापरले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. दुसऱ्या संस्कृतीतलं मूल आपल्या साच्यात बसवायचं नाही, आपला साचा त्याच्यासाठी बदलायचा, हे त्यांनी जवळजवळ काहीही पैसे नसताना करून दाखवलं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या केंद्रांमुळे देशभर रूढ झालेलं अंगणवाडी हे नाव कोसबाडच्या त्या कामातलं आहे.

तेव्हा घराजवळची अंगणवाडीही याच प्रश्नांनी तपासा. कुठे ती निराश करेल, कुठे महागड्या शाळेपेक्षा बरी निघेल. तिथल्या ताई बहुधा त्याच भागातल्या असतात आणि मुलांच्या घरची भाषा त्यांना येते, ही गोष्ट फीच्या पावतीत दिसत नाही.

प्रवेश झाला म्हणजे तपासणी संपली असं नाही. पहिल्याच दिवशी शिक्षिकेला एक कागद द्या. मूल पाण्याला काय म्हणतं, शूला काय म्हणतं, झोप आली की काय करतं, कशाला घाबरतं, हे त्यावर मराठी उच्चारांसह इंग्रजीत किंवा तेलुगूत लिहा. दोन महिन्यांनी विचारा, वर्गात त्याचा मित्र कोण, कोणतं गाणं त्याला आवडतं, त्यानं आपणहून काय मागितलं. शिक्षिकेला ही तीन उत्तरं विचार न करता देता आली, तर मुलाकडे तिचं लक्ष आहे. येत नसतील तर मुख्याध्यापकांशी बोला. वर्षाच्या मध्ये शिक्षिका बदलली, तर तो कागद नव्या शिक्षिकेलाही द्या.