औपचारिक इंग्रजी लेखनातील निषेधपर सल्ला : मच्छीमारांसाठीच्या हवामानसूचनांच्या संदर्भात

प्रस्तावना :

भाषेचा उपयोग केवळ माहिती देण्यासाठी होत नाही. दुसऱ्याच्या कृतीला वळण देण्यासाठीही होतो. आज्ञा, विनंती, सूचना, सल्ला आणि मनाई हे या उपयोगाचे निरनिराळे प्रकार होत. त्यांतही एखादी गोष्ट 'करू नये' असे लेखी सांगणे हे विशेष जोखमीचे काम आहे. शब्द सौम्य पडला तर वाचक तो मनावर घेत नाही आणि कठोर पडला तर लिहिणाऱ्यास नसलेला अधिकार त्यातून सूचित होतो. नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा या वसईच्या किनारी वस्त्यांमध्ये हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या इंग्रजी पत्रकात 'फिशरमेन आर अ‍ॅडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर इन्टू द सी' हे वाक्य वारंवार येते. मराठीत ते 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' असे होते. या एका वाक्याच्या आधारे औपचारिक इंग्रजीत निषेधपर सल्ला कसा मांडला जातो आणि मराठी भाषक विद्यार्थ्यांस तो लिहिताना कोणत्या अडचणी येतात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मराठीतील 'नये' :

मराठीत निषेधासाठी 'नको', 'नका' ही आज्ञार्थी रूपे आहेत आणि 'नये' हे सहायक क्रियापद आहे. 'नये' हे अपूर्ण क्रियापद असून 'नये', 'नयेस', 'नयेत' अशी त्याची मोजकीच रूपे प्रचारात आहेत. 'होड्या समुद्रात नेऊ नयेत' या वाक्यात ते कर्माच्या वचनानुसार बदलते. मात्र सल्ल्याचे बळ किती, हे 'नये' या शब्दावरून कळत नाही. 'दिवेलागणीला झोपू नये' ही घरातील वडीलधाऱ्यांची शिकवण असते. 'परीक्षागृहात भ्रमणध्वनी आणू नये' हा नियम असतो. शब्द एकच असला तरी पहिल्यात समजूत आहे आणि दुसऱ्यात शिक्षेची शक्यता. हा भेद मराठी वाचक संदर्भावरून करतो. भेद स्पष्ट करावयाचा झाल्यास 'टाळावे', 'मनाई आहे', 'सक्त मनाई आहे' असे वेगळे शब्द योजावे लागतात.

२. इंग्रजीतील श्रेणी :

औपचारिक इंग्रजीत ही श्रेणी क्रियापदांतच वाटून दिलेली आहे. 'मस्ट नॉट' किंवा 'शॅल नॉट' म्हणजे मनाई. 'शुड नॉट' म्हणजे सल्ला. 'नीड नॉट' म्हणजे आवश्यकता नसणे. आंतरराष्ट्रीय मानके ठरविणाऱ्या आयएसओ या संस्थेच्या लेखननियमांत 'शॅल नॉट' आणि 'शुड नॉट' यांचे अर्थ निश्चित केलेले आहेत. मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २११९ या इंटरनेटविषयक दस्तऐवजातही 'मस्ट नॉट' म्हणजे संपूर्ण मनाई, तर 'शुड नॉट' म्हणजे विशिष्ट परिस्थितीत सबळ कारण असल्यास आणि परिणामांचा पूर्ण विचार केल्यावरच सोडता येईल असा सल्ला, असा भेद केला आहे.

'मे नॉट' ही रचना मात्र सूचनेत टाळणेच इष्ट होय. 'बोट्स मे नॉट लीव्ह द हार्बर' याचा अर्थ 'होड्यांना बंदर सोडण्याची परवानगी नाही' असा होतो, तसाच 'होड्या कदाचित बंदर सोडणार नाहीत' असाही होतो.

हा भेद वसईच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष दिसतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये पावसाळ्यात यांत्रिक नौकांवर बंदी घातली जाते. अलीकडील वर्षांत ती सामान्यतः १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची राहिली आहे. ही मनाई आहे. तिचा भंग दंडनीय आहे. हवामान विभागाचे 'अ‍ॅडव्हाइज्ड नॉट टू' हे शब्दरूपाने सल्ला होत. मराठीत दोन्हींसाठी 'जाऊ नये' असेच लिहिले गेले, तर कायदा कोठे संपतो आणि सल्ला कोठे सुरू होतो हे वाचकास उमगत नाही.

३. रचनेचे नियम आणि आढळणाऱ्या चुका :

निषेधपर सल्ल्याच्या प्रमुख रचना पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) 'अ‍ॅडव्हाइज' या क्रियापदापुढे व्यक्ती आणि त्यानंतर 'नॉट टू' येते : 'वी अ‍ॅडव्हाइज फिशरमेन नॉट टू गो'. व्यक्तीचा उल्लेख नको असल्यास 'अगेन्स्ट' आणि 'आयएनजी' प्रत्ययाचे रूप येते : 'वी अ‍ॅडव्हाइज अगेन्स्ट गोइंग'. 'अ‍ॅडव्हाइस' हे नाम आहे. क्रियापदात शेवटचा उच्चार 'झ'सारखा होतो आणि लेखनात 'सी'च्या जागी 'एस' येतो.

(आ) 'अव्हॉइड' आणि 'रिफ्रेन फ्रॉम' यांच्यापुढेही 'आयएनजी'चेच रूप येते. विद्यार्थी 'अव्हॉइड टू गो' असे लिहितात. या चुकीचे एक कारण मराठीत शोधता येते. 'जाणे टाळावे' आणि 'जाणे आवश्यक आहे' या दोन्ही वाक्यांत मराठीत 'जाणे' हे एकच रूप पुरते. इंग्रजीत तेथे 'गोइंग' आणि 'टू गो' अशी निवड करावी लागते.

(इ) 'सजेस्ट' आणि 'रेकमेंड' यांच्यानंतर 'दॅट' घेऊन क्रियापदाचे मूळ रूप येते : 'वी रेकमेंड दॅट बोट्स नॉट लीव्ह द हार्बर'. येथे 'डू' लागत नाही. 'वी सजेस्ट यू टू नॉट गो' ही रचना औपचारिक लेखनात ग्राह्य मानली जात नाही.

वसईतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली असते, शाळेत प्रमाण मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी. तिसऱ्या पायरीवरील भाषेत नकाराचे बळ ओळखणे त्यांस कठीण जावे, हे स्वाभाविक आहे.

४. नकाराचे स्थान :

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये नकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नकारवाचक शब्द वाक्यात कोठे येतो, हा त्यातील एक महत्त्वाचा विषय आहे. 'वी डू नॉट अ‍ॅडव्हाइज यू टू गो' याचा शब्दशः अर्थ 'आम्ही जाण्याचा सल्ला देत नाही' एवढाच होतो. मग न जाण्याचा सल्ला दिला आहे की मौन पाळले आहे? संभाषणात अर्थ कळून येतो, परंतु सूचनापत्रात संदिग्धतेला जागा नसावी. म्हणून 'नॉट' हा शब्द ज्या कृतीचा निषेध करावयाचा तिच्या लगत ठेवावा : 'अ‍ॅडव्हाइज यू नॉट टू गो'. याच कारणास्तव एका वाक्यात दोन नकार येऊ देऊ नयेत.

५. निषेधाची मर्यादा :

'व्हेंचर' या शब्दात धोका पत्करून जाण्याची छटा आहे. 'जाऊ नये' यात ती उरत नाही. त्यामुळे मराठी सूचनेत वाऱ्याचा वेग, क्षेत्र, मुदत आणि कारण यांचा उल्लेख अधिकच आवश्यक ठरतो. एक फेरी रद्द झाली की डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी यांचा भार मच्छीमारावर पडतो. कारण आणि मुदत न सांगता 'जाऊ नये' एवढेच सांगितले, तर तो हा भार कशाच्या भरवशावर सोसणार?

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. 'जाऊ नये' हा सल्ला केवळ किनाऱ्यावर असलेल्या माणसालाच लागू पडतो. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ निर्माण झाले तेव्हा केरळ व तमिळनाडूतील अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. त्यांच्या दृष्टीने निषेध निरुपयोगी होता. त्यांना 'परत या' हा होकारार्थी निरोप पोहोचणे आवश्यक होते. म्हणूनच समुद्रात असलेल्यांनी किनाऱ्यावर परतावे, हे वाक्य पत्रकात स्वतंत्रपणे द्यावे लागते. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनी कोकण किनाऱ्यास या विषयाचे गांभीर्य नव्याने जाणवून दिले.

निष्कर्ष :

१. लेखकाने प्रथम आपला अधिकार तपासावा. अधिकार मनाईचा असेल तर 'मस्ट नॉट' लिहावे. सल्ल्याचा असेल तर 'शुड नॉट' किंवा 'अ‍ॅडव्हाइज्ड नॉट टू' लिहावे.
२. नकार हा निषिद्ध कृतीच्या लगत ठेवावा.
३. 'आर अ‍ॅडव्हाइज्ड' या कर्मणी रचनेत सल्ला देणारा अध्याहृत राहतो. म्हणून सूचनेच्या शीर्षभागी संस्थेचे नाव असावे.
४. काय करू नये याबरोबरच त्याऐवजी काय करावे, हेही सांगावे.
५. मराठी अनुवादात 'जाऊ नये', 'जाणे टाळावे' आणि 'जाण्यास मनाई आहे' यांचा वापर बळाच्या क्रमाने व एकसारखा व्हावा.

इंग्रजीच्या अध्यापनात विनंतीपत्र आणि अर्ज यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे निषेधपर सूचनेस मिळत नाही. किनारी भागातील महाविद्यालयांनी तरी हवामानपत्रकाचे वाचन व अनुवाद हा भाषाशिक्षणाचा भाग मानावा. ज्या विद्यार्थ्याच्या घरची होडी त्या वाक्यावर बंदरात थांबते किंवा बाहेर पडते, त्यास ते वाक्य नेमके वाचता आणि लिहिता आले पाहिजे.