मेक्सिकन पद्धतीची फिकट लागर : स्वरूप आणि उगम

उर्से हे गाव ज्या मावळात वसले आहे, तो तालुका भाताचा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसृत केलेला ‘इंद्रायणी’ हा वाण आज घरोघरी परिचित आहे. या तांदळाची कोणी बिअर करावयास घेतली, तर प्रथमच एक अडचण उभी राहील. तांदळात स्टार्च विपुल असतो. परंतु त्याची साखर करणारी एंझाइमे त्यात पुरेशी नसतात, आणि साखर झाल्यावाचून यीस्टला खाद्य मिळत नाही. मोड आणून वाळविलेल्या सातूत, म्हणजे माल्टमध्ये, ही एंझाइमे असतात. मात्र तांदळाचा स्टार्च फुलून येण्यास जी उष्णता लागते, तीत ती टिकत नाहीत. म्हणून तांदूळ वेगळ्या भांड्यात शिजवून त्याची पेज माल्टच्या मिश्रणात मिसळावी लागते. मिश्रणाचे तापमान सुमारे ६५ अंश सेल्सिअस राखले, म्हणजे माल्ट आपला आणि पाहुण्याचा असा दोन्ही स्टार्च फोडतो. भारतातील मोठ्या कारखान्यांतही तांदळाचा असा उपयोग होतो. मेक्सिकन फिकट लागरचे स्वरूप बऱ्याच अंशी याच क्रियेने ठरते. तेथे तांदळाच्या जोडीला अथवा त्याच्या जागी मका येतो.

या जोडधान्याचा परिणाम केवळ खर्चापुरता नाही. मका किंवा तांदूळ साखर देतो, पण प्रथिने व रंग फारसा देत नाही. त्यामुळे पेय फिके, पातळ व कोरडे होते. हॉपचा कडूपणा बेताचा ठेवल्याने ते उष्ण हवेत सहज प्यायले जाते. मद्यार्क साधारणतः ४ ते ५ टक्के. पांढऱ्या काचेची बाटली हे तर या बिअरचे चिन्हच झाले आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती निवड गैरसोयीची म्हणावी लागेल. प्रकाश पडला असता हॉपमधील कडू द्रव्यांचे विघटन होऊन एक गंधकयुक्त, उग्र वासाचे संयुग तयार होते. तपकिरी काच त्यास अटकाव करते, पांढरी करीत नाही.

आता उगमाकडे वळू. हाब्सबुर्ग घराण्यातील माक्सिमिलियन १८६४ ते १८६७ या काळात मेक्सिकोच्या सिंहासनावर होता. त्याच्यासमवेत व्हिएन्नाची बिअर तेथे गेली, अशी कथा वारंवार सांगितली जाते. कथा आकर्षक आहे, पण कालक्रम तिला अनुकूल नाही. लागर ८ ते १३ अंशांवर आंबवून पुढे आठवडेच्या आठवडे शून्याच्या आसपास मुरवावी लागते. कृत्रिम शीतनाची यंत्रे व्यवहारात आली ती १८७० नंतर. शिवाय व्हिएन्नाची लागर तांबूस. फिकट लागर हे बोहेमियातील पिल्झेनचे, १८४२ चे अपत्य. तीन वर्षांच्या आणि सदैव युद्धग्रस्त असलेल्या राजवटीने मोठ्या उद्योगाचा पाया घातला, हे मानणे कठीण आहे.

पुरावा दुसऱ्याच दिशेने जातो. मोंतेर्रे हे शहर १८८२ मध्ये रेल्वेने अमेरिकेच्या सरहद्दीशी जोडले गेले. १८९० मध्ये तेथे क्वाउतेमोक ही कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या संस्थापकांत स्थानिक भांडवलदारांबरोबर सेंट लुइसच्या बिअर-व्यवसायातील जोसेफ श्नायडर होता. सेंट लुइस हे जर्मन वंशाच्या अमेरिकन बिअरनिर्मात्यांचे केंद्र. बडवायझर ही तांदूळ वापरणारी बिअर १८७६ मध्ये तेथेच निघाली. अमेरिकन सातूत प्रथिने अधिक असल्याने बिअर गढूळ होई. त्यावर उपाय म्हणून मका व तांदूळ मिसळण्याचा पुरस्कार अंटोन श्वार्त्स या बोहेमियात जन्मलेल्या रसायनज्ञाने १८६९ च्या सुमारास अमेरिकेत केला होता. रेल्वे, यंत्र आणि कृती ही तिन्ही उत्तरेकडून आली, असे मानणे म्हणूनच अधिक सयुक्तिक ठरते.

येथे एक मोह टाळावयास हवा. मका ही मेक्सिकोची प्राचीन देणगी, आणि उत्तर मेक्सिकोतील रारामुरी लोक मक्याला मोड आणून ‘तेस्ग्विनो’ नावाचे पेय करतात. तेव्हा लागरमधील मका त्या परंपरेतून आला, असे कोणास वाटेल. परंतु तेस्ग्विनोत मका स्वतःच माल्ट असतो. लागरमध्ये तो मोड न आणलेला, सातूच्या एंझाइमांवर अवलंबून असलेला घटक आहे. धान्य एकच, क्रिया अगदी भिन्न. उलट ही लागर देशी परंपरेची प्रतिस्पर्धीच ठरली : घायपाताच्या कुळातील मागेच्या रसापासून होणारे ‘पुल्के’ विसाव्या शतकात तिच्यापुढे मागे हटले.

व्हिएन्नाचा अंश मेक्सिकोत मुळीच नाही, असे मात्र नव्हे. विल्हेल्म हासे या जर्मनाने १८९७ मध्ये काढलेल्या ‘दोस एकिस’चा तांबूस प्रकार आजही त्या शैलीचा गणला जातो. तोही माक्सिमिलियननंतर तीस वर्षांनी आलेला. मेक्सिको शहरातील मोदेलो कारखान्याची ‘कोरोना’ १९२५ ची. ती फिकट कुळातली, आणि जगाने मेक्सिकन म्हणून ओळखली ती हीच.