चोखणी सोडायची कुणी?

पाळणा ते पाटी : भाग १७

मागचा भाग मुलांच्या झोपेवर होता. तो वाचून मंगळवार पेठेतली एक तरुण आई घरी आली. कडेवर सव्वादोन वर्षांची मुलगी, मुलीच्या तोंडात निळी चोखणी. "बाई, तुम्ही झोपेचं सगळं लिहिलासा, पण हिचं काय? मी तीनदा काढून घेतलो आणि तीनदा परत दिलो."

तिसऱ्यांदा का दिलीस, असं मी विचारलं. रात्री साडेअकराला मुलगी रडायला लागली. सासऱ्यांना पहाटे पाचला दुधाच्या गाडीवर जायचं होतं, दिराचं बारावीचं वर्ष, आणि भिंतीला भिंत लागून शेजार. आतल्या खोलीतून आवाज आला, "दे की गं तिच्या तोंडात ते. किती रडतंय लेकरू!" तिनं दिली. दोन मिनिटांत घर शांत झालं.

आजचा भाग मी त्या आतल्या खोलीतल्या आवाजासाठी लिहिते आहे. चोखणी मुलाच्या तोंडात असते खरी, पण ती सुटत नाही ती बहुतेक वेळा घरामुळे. बालवाडीत इतकी वर्षं काढल्यावर हे मी खात्रीनं सांगू शकते.

आपल्याकडे कुणी चोखणी म्हणतं, कुणी चुपणी, आणि महाद्वार रोडवरच्या दुकानात मागायची तर 'निपल' म्हणावं लागतं. यात्रेत खुळखुळ्यांच्या शेजारी दोऱ्याला लटकलेल्याही मिळतात; त्यांच्याबद्दल शेवटी बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू या. चोखणं ही खोड नाही. पोटातलं बाळ चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच अंगठा तोंडात घालताना सोनोग्राफीत दिसतं. जन्मल्यावर ते दोन तऱ्हांनी चोखतं. दूध येत असेल तर सेकंदाला साधारण एकदा, मध्ये गिळत, श्वास घेत. दूध नसेल तर जवळजवळ दुप्पट वेगानं, आणि मध्ये थांबत थांबत. या दुसऱ्या चोखण्यातून पोट भरत नाही, जीव शांत होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नळीनं दूध देत असताना डॉक्टर मुद्दाम चोखणी देतात, कारण त्यामुळे ती तोंडानं दूध प्यायला लवकर शिकतात. इंजेक्शनच्या वेळीही तिचा आधार होतो. म्हणजे वस्तू वाईट नाही. तिला एक वय आहे, एवढंच.

माणसानं ही वस्तू फार पूर्वी शोधली. जर्मन चित्रकार ड्यूरर यानं १५०६ मध्ये काढलेल्या मेरी आणि बाळ येशूच्या एका चित्रात बाळाच्या हातात कापडाची पुरचुंडी आहे. अशा पुरचुंडीत साखर किंवा भिजवलेला पाव बांधून ती बाळाला चोखायला देत. आपल्याकडे लाखेच्या रंगाच्या लाकडी चोखण्या असत, आणि काही नसलं तर आजीचं बोट असे, गुळाच्या पाण्यात बुडवलेलं. कोल्हापूर तर गुळाचंच गाव. आजही चोखणी गुळात, काकवीत, मधात बुडवून देणारी घरं मला माहीत आहेत. हे मात्र ताबडतोब थांबवायला हवं. गूळ रात्रभर दातांवर राहिला की पुढचे दुधाचे दात किडतात. मधाचं प्रकरण त्याहून गंभीर. वर्षाच्या आतल्या मुलाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. त्यात बॉट्युलिझम या रोगाचे जंतू सुप्त रूपात असू शकतात. त्यांच्या विषानं बाळाचे स्नायू ढिले पडतात, रडणं क्षीण होतं, श्वास अडखळतो. २०१८ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधली चार बाळं मध भरलेल्या चोखण्यांमुळे इस्पितळात दाखल झाली होती आणि तिथल्या सरकारी औषध खात्याला जाहीर इशारा द्यावा लागला.

चोखणी द्यावी की देऊ नये, यावर डॉक्टरांचं मतही बदलत आलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या. त्यात अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नये, असं स्पष्ट होतं. २०१८ मध्ये ती पायरी बदलून 'आईला धोके समजावून सांगावेत' अशी झाली. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर स्तनपान नीट बसल्यावर झोपताना चोखणी द्यायला सांगतात, कारण झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांचं प्रमाण तिच्यानं कमी होतं. ती काळजी पहिल्या वर्षाची आहे. वर्ष सरलं की ते कारण उरत नाही आणि तोट्याचं पारडं जड होऊ लागतं.

पहिला तोटा कानाचा. चोखताना घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीवर परिणाम होतो आणि घशातले जंतू मधल्या कानापर्यंत पोचायला वाट मिळते, असं मानतात. फिनलंडमधल्या संशोधकांनी काही बाल-आरोग्य केंद्रांत पालकांना एवढंच सांगितलं, की सहा महिन्यांनंतर चोखणी फक्त झोप लागेपर्यंत द्या. त्या केंद्रांतल्या मुलांच्या कानाचे आजार २९ टक्क्यांनी कमी भरले. हे २००० साली प्रसिद्ध झालं. लक्षात घ्या, कुणी चोखणी तोडली नव्हती. दिवसाची कमी केली होती.

दुसरा तोटा दातांचा, आणि पालकांना तो उशिरा दिसतो. मूल दात मिटतं तेव्हा मागच्या दाढा टेकतात, पण पुढे वरच्या आणि खालच्या दातांत एक गोल फट राहते. चोखणी नेमकी मावेल एवढी. तिथून जीभ पुढे येते, 'स' म्हणताना सुटते. याचबरोबर आणखी एक गोष्ट घडते. एरवी जीभ टाळूला टेकून वरच्या जबड्याला आतून आधार देते. तोंडात चोखणी असली की ती खाली राहते, आणि चोखताना गाल दोन्ही बाजूंनी आत दाबतात. त्यामुळे वरचा जबडा अरुंद होतो आणि मागच्या दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत. दोन-अडीच वर्षांच्या आत चोखणी सुटली तर पुढची फट बहुतेक मुलांत आपोआप भरून येते. दंतवैद्य तिसऱ्या वाढदिवसाची मर्यादा सांगतात. चार वर्षांपुढे गेलेली सवय पक्क्या दातांपर्यंत पोचू शकते. "दुधाचेच दात आहेत, पडतीलच की" हे वाक्य म्हणूनच चूक आहे. दात पडतात, जबडा तोच राहतो.

चोखणीमुळे बोलणं कायमचं बिघडतं असं मी म्हणणार नाही. त्याबद्दलच्या संशोधनांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण दोन वर्षांचं मूल दिवसाकाठी किती बडबडतं ते आठवा. तोंडात बूच असेल तर ती बडबड व्हायची कधी?

आता सोडवण्याकडे येते. अंगावरचं दूध तोडताना छातीला कोरफडीचा गर किंवा कडुनिंब लावायची जुनी रीत आहे. तीच चोखणीला लावतात, आणि काही घरांत मिरचीसुद्धा. मिरचीचा हात डोळ्याला लागला की काय होतं हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, तरी आपण दोन वर्षांच्या जिवावर तो प्रयोग करतो. कडू लावण्यालाही माझा विरोध आहे. ज्या वस्तूवर मुलानं जन्मापासून विश्वास टाकला ती एका रात्रीत, काही न सांगता, कडू होते. मूल त्यातून चोखणी वाईट आहे एवढंच शिकत नाही. आपल्या माणसांनी दिलेली वस्तूही अचानक बोचू शकते, हेही शिकतं. दुसरा एक उपाय सुचवला जातो : टोक कात्रीनं थोडं थोडं कापत जायचं. हा तर धोक्याचाच आहे. कापलेलं रबर दातांनी तुटतं आणि तुकडा घशात अडकू शकतो.

मंगळवार पेठेतल्या आईला मी सांगितलं ते असं. आधी मुलीला काही करू नकोस. रविवारी जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसव : आजोबा, आजी, दीर, नवरा. प्रत्येकानं सांगायचं, की मी तिला चोखणी कधी देतो. ती आई नंतर म्हणाली, की बसल्यावर घरातल्यांनाच नवल वाटलं. आजोबा टीव्हीवर बातम्या लागल्या की देत होते. दीर अभ्यासाला बसताना. आजी पूजेच्या वेळी. आई स्वतः भाकरी थापताना. मुलीनं मागितली म्हणून दिली, असं फारच थोड्या वेळा घडत होतं. ती कंटाळली होती, भुकेली होती किंवा कुणाला तरी बोलवत होती, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच निळं रबर.

म्हणून पहिला पंधरवडा दिवसाचा. चोखणी उशाशी एका वाटीत राहील, अंथरुणाबाहेर जाणार नाही. हवी असेल तर तिनं अंथरुणावर जाऊन घ्यावी. खेळ सोडून तिथं जाऊन पडायचं मुलांना फार वेळ जमत नाही. पाच मिनिटांत ती वाटीत ठेवून परत येतात. भाकरी थापताना तिच्या हातात पिठाचा गोळा द्यायचा. पूजेच्या वेळी फुलं निवडायला. चोखणीऐवजी मोबाइल नाही, आणि चहात बुडवलेली खारीही नाही, हे मी दोनदा बजावलं.

नंतर दुपारची झोप, आणि अगदी शेवटी रात्रीची. रात्रीसाठी दुसरा आधार आधीपासून तयार करावा लागतो. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये या विषयावर निबंध वाचला. आईपासून सुटं होताना मूल एखादी मऊ वस्तू धरून ठेवतं, ती त्याला अर्धी आईसारखी आणि अर्धी स्वतःची वाटते, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडे ही वस्तू विकत आणावी लागत नाही. आजीच्या जुन्या लुगड्याची वाकळ घरात असतेच. तिचं एक टोक मुठीत, पाठीवर थोपटणारा हात आणि रोज एकच अंगाई. चोखणी असतानाच पंधरा दिवस हे सुरू करायचं, म्हणजे ती गेल्यावर उरलेलं सगळं तसंच राहतं.

वेळही बघावी. जूनमध्ये बालवाडी सुरू होते, त्या महिन्यात नको. धाकटं भावंड येणार असेल, मूल तापातून उठलेलं असेल किंवा मेमध्ये आजोळी मुक्काम असेल, तरी थांबा. एका वेळी एकच गोष्ट सुटू दे.

निरोपाचा एखादा छोटा प्रसंग केला तर मुलांना कळतं. डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनजवळच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेत एक झाड आहे. मुलं आपल्या चोखण्या त्यावर बांधतात, सोबत झाडाला चिठ्ठ्या लिहून ठेवतात. आपल्याकडे काही जण चोखणी पंचगंगेत किंवा रंकाळ्यात सोडायला निघतात. कृपा करून तसं करू नका. मूर्तिदान आणि निर्माल्यदान लोकांच्या अंगवळणी पाडणाऱ्या या शहरानं आपल्या पाण्यात आता रबर टाकू नये. दारातल्या पारिजातकाला बांधा, मुलाच्या हातून बांधा.

त्या मुलीनं तशीच बांधली. पहिल्या रात्री ती पाऊण तास रडली. दुसऱ्या रात्री त्याहून जास्त, आणि बहुतेक घरं इथेच हार मानतात, कारण उपाय लागू पडत नाही असं त्यांना वाटतं. या वेळी आतल्या खोलीतून आवाज आला नाही. आजोबा उठून बाहेर आले आणि सुनेला म्हणाले, "तू पड जरा, मी बसतो." नातीच्या पाठीवर हात ठेवून ते बसून राहिले. चौथ्या रात्री मुलगी दहा मिनिटं कुरकुरली आणि वाकळीचं टोक धरून झोपली. दिवसा ती झाडाखाली जाऊन चोखणीकडे बघते, हात हलवते आणि परत येते.

काही मुलं या काळात अंगठ्याकडे वळतात. तो काढून वाटीत ठेवता येत नाही, म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो; पुढच्या शुक्रवारी तोच विषय घेते.

तोवर ज्यांच्या घरी अजून चोखणी आहे त्यांना एक विनंती. आज रात्री ती हातात घ्या आणि रबर दोन्ही बाजूंनी जोरात ओढून बघा. यात्रेतल्या कित्येक चोखण्यांचं रबर चकतीतून सुटून येतं. चकती मुलाच्या तोंडात पूर्ण मावण्याइतकी लहान असेल, रबराला चीर गेली असेल किंवा ते चिकट झालं असेल, तर ती लगेच टाकून द्या. आणि दोऱ्यानं, गोफानं किंवा काळ्या धाग्यानं ती मुलाच्या गळ्यात बांधलेली असेल, तर हा अंक खाली ठेवून आधी तो धागा कापा.