बंब हलण्याआधी

अमेरिकेत कर्तव्यावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशमन जवानांची सर्वाधिक संख्या हृदयविकाराच्या झटक्याने मरणाऱ्यांची असते. त्याखालोखाल बहुतेक वर्षी येतात वाहनांचे अपघात: आगीकडे जाताना उलटलेला बंब, चौकात बसलेली धडक, वळणावर बाहेर फेकला गेलेला जवान. यातल्या कित्येकांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता. ज्वाळांत शिरताना अंगभर संरक्षक कपडे आणि पाठीवर हवेचा सिलिंडर घेणारी माणसे वाटेत मात्र साधा पट्टा न लावता बसत होती. या विसंगतीमागे निष्काळजीपणापेक्षा जुनी सवय आणि गाडीची रचना यांचा वाटा मोठा आहे.

सवय फार जुनी. 1980च्या दशकापर्यंत अनेक शहरांत जवान बंबाच्या मागच्या पायरीवर दांडी धरून उभे राहत. ते दृश्य शौर्याचे मानले जाई. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या मानके ठरवणाऱ्या संस्थेने 1987 साली चालत्या गाडीत प्रत्येकाने बसलेच पाहिजे आणि पट्टा लावलाच पाहिजे, असे आपल्या 1500 क्रमांकाच्या मानकात लिहिले. याच संस्थेच्या गाड्यांविषयीच्या 1991च्या मानकाने नव्या बंबांत सर्वांसाठी बंदिस्त केबिन आवश्यक ठरवली. जवान पायरीवरून केबिनमध्ये आले, पण पट्टा तसाच लोंबकळत राहिला.

त्याचे कारण केबिनमध्ये बसून पाहिले की कळते. घंटा वाजल्यापासून प्रत्येक सेकंद मोजला जातो, म्हणून कोट चढवणे, सिलिंडरचे पट्टे खांद्यावर घेणे ही कामे धावत्या गाडीत उरकली जात. जाड कोटामुळे अंगाचा घेर वाढतो, पट्टा पुरत नाही. हातमोज्यांतून बकल सापडत नाही, सापडले तर शेजाऱ्याच्या सिलिंडरखाली दबलेले असते. सिलिंडरचे पट्टे काळे आणि सीट बेल्टही काळा, मग घाईत चुकीचाच हाती येतो. शिवाय एवढ्या अवजड गाडीत आपल्याला काय होणार, हा विश्वास असतोच.

हा विश्वास फसवा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर आतला मोकळा माणूस त्याच वेगाने पुढे जातो; तो आघात सुमारे 14 मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. बंबात हजारो लिटर पाणी असते. टाकी अर्धवट भरलेली असेल तर वळणावर ते एका बाजूला झेपावते आणि आधीच उंच असलेल्या गाडीचा तोल नेते. टाकीतले आडवे पडदे हा हेलकावा कमी करतात, थांबवू शकत नाहीत. गाडी उलटली की पट्टा नसलेला माणूस दारा-खिडकीतून बाहेर पडतो आणि बऱ्याचदा तिच्याच खाली सापडतो.

एप्रिल 2005 मध्ये टेक्सासमधील अमरिलो शहरात ब्रायन हंटन हा जवान आगीकडे निघालेल्या शिडीच्या गाडीतून पडला. वाटेत तो साहित्य अंगावर चढवत होता, पट्टा लावलेला नव्हता. डोक्याच्या दुखापतीने दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ देशभर सीट बेल्टची प्रतिज्ञा सुरू झाली. ज्या दलातल्या प्रत्येकाने सही केली, त्या दलाला प्रमाणपत्र मिळे. एकही सही कमी चालत नसे, आणि प्रतिज्ञेचे खरे बळ तिथेच होते. एकट्याने पट्टा लावणारा नवखा जवान चेष्टेचा विषय होऊ शकतो. सगळ्यांनी सही केली की पट्टा न लावणारा उघडा पडतो.

नुसत्या सहीने बकल मात्र हाती लागत नाही, म्हणून गाड्याही बदलाव्या लागल्या. पट्टे भडक लाल किंवा नारिंगी झाले, लांबी वाढली, बकल सहज हाती येईल असे वर आले. 2009च्या मानकाने चालकासमोर किंवा अधिकाऱ्यासमोर प्रत्येक आसनाची स्थिती दाखवणारे दिवे आणि गाडीच्या वेगासह या नोंदी साठवणारे यंत्र सांगितले. गाडीत हेल्मेट घालू नये, अशी सूचनाही आली, कारण हेल्मेटचा मागचा काठ आसनाला टेकून मान पुढे ढकलतो. पुढे सरकारी संशोधन संस्थेने 951 जवानांची मापे साहित्यासह आणि साहित्याविना घेतली. आसने आणि पट्टे कुणाच्या अंगाला बसायला हवेत, हे त्यामुळे अंदाजावर राहिले नाही.

रोजच्या कामात सर्वांत परिणामकारक नियम मात्र बिनखर्चाचा आहे. कपडे ठाण्यातच चढवायचे, मग गाडीत बसायचे, आणि सर्वांचे पट्टे लागल्याची खात्री अधिकाऱ्याने केल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. यात काही सेकंद जातात खरे. पण वाटेत बंब उलटला तर जळत्या घरातल्या लोकांपर्यंत कुणीच पोहोचत नाही, उलट दुसऱ्या तुकडीला त्या जवानांच्या सुटकेसाठी धावावे लागते.

जिथे हा अधिकारी शेजारी नसतो, तिथे प्रश्न अवघड होतो. अमेरिकेतील बहुसंख्य अग्निशमन कर्मचारी स्वयंसेवक आहेत. निरोप येताच शेतातून, दुकानातून, अंथरुणातून उठून ते स्वतःच्या मोटारीने निघतात आणि त्यांचे कितीतरी जीवघेणे अपघात याच प्रवासात होतात. तिथे ना दिव्यांचा फलक असतो, ना नोंदी साठवणारे यंत्र. म्हणून अनेक छोट्या दलांनी आपल्या लेखी नियमांत खासगी मोटारीतला हा प्रवासही घातला आहे.