शोधणाऱ्याचाही शोध

आमच्या जळगावच्या कॉलेजात गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, "असोद्याच्या बहिणाबाईंना तुकोबांनी उपदेश केला." मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० चा. तुकोबा सतराव्या शतकातले! मुलाला बोलावले, तर म्हणाला, "सर, गूगलवर आहे!"

तो खोटे बोलत नव्हता. नुसते 'बहिणाबाई' म्हटले की शोधयंत्र संत बहिणाबाई आणि आमच्या बहिणाबाई, दोघींना एकाच पंगतीला बसवते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन "जुना कागद द्या" एवढेच म्हटले, तर नेमका कोणता हाती येणार? मी त्याला दोन युक्त्या सांगितल्या. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालावे. ते शब्द त्याच क्रमाने असलेली पाने पुढे येतात. नको त्या शब्दाला चिकटून आधी वजाबाकीचे चिन्ह द्यावे: 'बहिणाबाई -तुकाराम'. पोरगा खूश, मास्तर त्याहून खूश!

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. माझा घसा बसला होता, गळ्याला गाठ लागत होती. मास्तराचा घसा म्हणजे शेतकऱ्याचा बैल! घरात न सांगता रात्री मी यंत्रालाच विचारले. दुसऱ्या दिवशी धाकटी भूगोलातला 'घाटमाथा' शोधायला बसली. 'घ' उमटताच खाली माझाच प्रश्न हजर: 'घशाची गाठ कॅन्सर असते का?' रात्री कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तिने विचारले, "बाबा, तुम्ही बरे व्हाल ना?" हिच्या हातातली पळी थांबली.

यंत्र विसरत नाही. २००६ साली अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे शोध नावे वगळून जाहीर केले. तरी नुसत्या प्रश्नांवरून पत्रकारांनी एका बाईंना हुडकून काढले! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला खरा. पण दाराची कडी आपणच लावावी लागते. गूगल खात्याच्या 'माय ॲक्टिव्हिटी'त जुने शोध पुसता येतात. ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी ते आपोआप पुसले जावेत, अशीही सोय आहे. 'इन्कॉग्निटो' खिडकीतले शोध घरच्या संगणकाच्या नोंदीत राहत नाहीत. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून मात्र तो पडदा आडोसा देत नाही.

माझी गाठ साधी निघाली. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली: जे घरच्या माणसांपासून लपवले, ते मी परक्या यंत्राला बिनदिक्कत सांगितले होते. आता घसा खवखवला, तर मी आधी हिला सांगतो. गूगलचा नंबर त्यानंतर!